हिरवळीवर राहिलेला खेळ

मेजवानीत खेळायच्या खेळाकडून यजमानाच्या ज्या अपेक्षा असतात, त्या कोणी कागदावर उतरवून काढल्या तर एकीने दुसरीला छेद दिला आहे असेच दिसून येईल. खेळ असा हवा की पाहुण्याला त्यात उतरावेसे वाटावे, पण तो त्यात इतका गुंतूनही जाऊ नये की शेजारच्या माणसाशी चार शब्द बोलणे त्याला जड व्हावे. त्यात कौशल्याला वाव असावा, परंतु ज्याच्या अंगी कौशल्य नाही त्याची चारचौघांत शोभा होऊ नये. हारजीत तर हवीच, कारण तिच्यावाचून खेळाला रंग चढत नाही, मात्र हरलेल्या गृहस्थाने चहाचा पेला हाती घेताना तोंड फिरवावे इतकी ती जिव्हारी लागणारी नसावी. त्याखेरीज सासरे आणि सून, कलेक्टर आणि कारकून, नातू आणि आजोबा यांना एकाच वेळी सामावून घेणारा, अंगावरच्या ठेवणीतल्या कपड्यांची घडी न मोडणारा, आणि मध्येच कोणी उठून गेले तरी न अडणारा असा तो असावा. इतक्या अटी पुऱ्या करणारा खेळ मनुष्यजातीला कधी सापडला काय, असे कोणी मला विचारील तर मी म्हणेन की सापडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात तो सापडला, वीस-पंचवीस वर्षे त्या देशाच्या हिरवळींवर त्याने निर्वेधपणे राज्य केले, आणि पुढे त्याच्याहून सरस असे दोन खेळ निपजले म्हणूनच त्याला गादी खाली करावी लागली. त्या खेळाचे नाव क्रोके. त्याला पदच्युत करणारे दोन खेळ आपल्या पूर्ण परिचयाचे आहेत, आणि त्यांतल्या एकाशी तर आमच्या पुण्याचा जन्मसंबंध सांगतात.

परंतु हिरवळीवरच्या खेळांची कथा सांगायची तर हिरवळीपासूनच सांगितली पाहिजे, कारण ही वस्तू दिसते तितकी निसर्गाची नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या भुरभुर पावसावर इंग्लंडात गवत आपोआप पोसते हे खरे. पण आपोआप पोसलेले गवत गुडघ्यापर्यंत वाढते, त्याला तुरे येतात, त्यात पायवाटा पडतात, आणि त्यावरून चेंडू घरंगळत नाही. ते सपाट आणि आखूड राखायचे तर मेंढरे चारावीत, किंवा लांब दांड्याचे कोयते घेतलेल्या गडीमाणसांची रांग पहाटे दव असतानाच कामाला लावावी, हे दोनच उपाय कित्येक शतके होते. आणि ज्याला हा खर्च परवडत असे, त्याच्याच दारी खेळाची हिरवळ असे. साउदॅम्प्टन शहरात १२९९ सालापासून गोळे घरंगळवण्याची एक हिरवळ आहे असे तेथील मंडळी अभिमानाने सांगतात. बोल्स नावाचा तो खेळ दिसायला अगदी सात्त्विक: एक लहानसा पांढरा चेंडू दूर ठेवायचा आणि आपापले जड गोळे त्याच्या जास्तीत जास्त निकट नेऊन थांबवायचे. मात्र त्या गोळ्याची एक कड मुद्दाम किंचित कमी गोल घडवलेली असते, आणि त्यामुळे जोवर वेग आहे तोवर सरळ जाणारा गोळा वेग ओसरू लागताच बाजूला वळतो. सरळ फेकलेली वस्तू लक्ष्यावर जात नाही, लक्ष्यावर जायचे तर आरंभी नजर दुसरीकडे ठेवावी लागते, हे तत्त्व ज्या राष्ट्राने मावळतीच्या उन्हात खेळता खेळता आत्मसात केले, त्याने पुढे मुत्सद्देगिरीत नाव काढले यात नवल ते काय!

या निरुपद्रवी खेळावरही सरकारची नजर पडली होती. आठव्या हेन्रीच्या अंमलात १५४१ साली झालेल्या कायद्याने कारागीर, मजूर, उमेदवार आणि घरगडी यांना हा खेळ खेळण्याची मनाई झाली. त्यांना नाताळापुरती सूट होती, पण तीसुद्धा धन्याच्या घरी आणि धन्याच्या समक्ष. ज्याच्या जमिनीचे सालिना उत्पन्न १०० पौंड असेल, त्याने मात्र परवाना काढून स्वतःच्या खाजगी हिरवळीवर खुशाल खेळावे. लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून गोळे घरंगळवीत बसू नये हा वरकरणी हेतू; पण हेतू कोणताही असो, कायद्याच्या कलमांतून जे चित्र उभे राहते ते हेच की हिरवळ हे आरंभापासून चतुःसीमा आखलेले, परवाना लागणारे आणि धन्याच्या मर्जीवर चालणारे क्षेत्र होते. हा कायदा रद्द व्हायला १८४५ साल उजाडावे लागले.

तो रद्द होण्याच्या पंधरा वर्षे अगोदर एका यंत्राने खरे तर त्याचा पाया पोखरला होता. ग्लॉस्टरशर परगण्यात स्ट्राउडच्या आसपास लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या, आणि तेथे विणून निघालेल्या कापडावरची लव एकसारखी छाटण्यासाठी फिरत्या पात्यांचे एक यंत्र वापरीत. एडविन बडिंग नावाच्या यांत्रिकाच्या मनात असे आले की जे पाते कापडावरची लव छाटते ते जमिनीवरची लव का छाटणार नाही. आणि १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राची सनद मिळवली. लोक हसतील म्हणून तो हे यंत्र रात्री चालवून पाहत असे, अशी आख्यायिका आहे. आपल्या अर्जात मात्र त्याने खेड्यातल्या सधन गृहस्थांना अशी शिफारस केली होती की हे यंत्र त्यांनी स्वतः ढकलावे, करमणूक होईल आणि प्रकृतीही सुधारेल. पुढे मोठाली यंत्रे ओढायला घोडे आले, आणि त्यांच्या टापा उमटून हिरवळ खराब होऊ नये म्हणून घोड्यांच्या पायांत कातड्याचे बूट चढवण्याचा शिरस्ता पडला. बूट घालून जपून पावले टाकणाऱ्या त्या घोड्याला काय वाटत असेल, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. ते असो. या यंत्रामुळे डझनभर गड्यांची रांग अनावश्यक झाली, वकील, डॉक्टर, पाद्री आणि व्यापारी यांच्या घरामागेही सपाट हिरवळ अवतरली, आणि ती अवतरल्यावर तिच्यावर करायचे काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला.

त्याचे उत्तर आयर्लंडातून आले. १८५० नंतरच्या लगतच्या वर्षांत तिकडून क्रोके इंग्लंडात शिरला, आणि लंडनच्या जॉन जॅक्स यांनी त्याचे साहित्य पेट्यांत भरून विकायला काढताच त्याची साथ देशभर पसरली. जमिनीत लोखंडी कमानी ठोकायच्या, एका ठिकाणी खुंटा रोवायचा, लांब दांड्याच्या लाकडी मोगरीने चेंडू हाकत ठरल्या क्रमाने कमानींतून न्यायचा, आणि शेवटी खुंट्याला लावायचा, एवढाच खेळ. धावायचे नाही, उडी मारायची नाही, दम लागण्याचा संभव नाही. आपली पाळी येईपर्यंत मोगरीवर रेलून उभे राहायचे आणि शेजारी जी व्यक्ती असेल तिच्याशी बोलायचे. ही शेवटची सोय किरकोळ समजू नये. ज्या समाजात अविवाहित कन्येला परक्या तरुणाशी वडीलधाऱ्यांच्या कानाआड दोन वाक्ये बोलण्याची चोरी होती, त्या समाजात आईच्या डोळ्यांसमोर, भर दिवसा, सभ्यतेच्या सर्व मर्यादा पाळून झुडपामागे गेलेला चेंडू दोघांनी मिळून शोधण्याची मुभा या खेळाने दिली. आणि चेंडू सापडायला किती वेळ लागावा याविषयी नियमांच्या कोणत्याही पुस्तकात कलम नव्हते. घेरदार झग्यातली स्त्री पुरुषाच्या बरोबरीने, त्याच अंगणात, त्याच नियमांनी खेळते आहे आणि त्याला हरवते आहे, हे दृश्य इंग्लंडला बहुधा क्रोकेनेच प्रथम दाखवले. एदुआर माने याने १८७३ साली क्रोकेचा डाव रंगवला त्यातही स्त्रिया आणि पुरुष एकत्रच खेळत आहेत.

आता या खेळाच्या शांत मुद्रेमागे जो दुष्टपणा दडलेला आहे त्याची कैफियत मांडली पाहिजे. आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला लागला की खेळणाऱ्याला एक अधिकार प्राप्त होतो: त्याने आपला चेंडू उचलून त्या दुसऱ्या चेंडूला भिडवून ठेवावा आणि असा टोला हाणावा की दोन्ही चेंडू हलतील. जुन्या रिवाजात तर आपल्या चेंडूवर पाय दाबून धरून टोला मारता येई. म्हणजे आपला चेंडू जागच्या जागी राही, आणि प्रतिपक्षाचा चेंडू हिरवळ ओलांडून गुलाबाच्या वाफ्यात, किंवा दैव फारच अनुकूल असेल तर तळ्यात जाई. कुस्तीत पाठ लागते ती निदान समोरासमोर. येथे माणूस छत्रीखाली उभा राहून, स्मितहास्य करून, क्षमा मागून दुसऱ्याचे दोन तासांचे श्रम मातीत घालतो. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या ॲलिसच्या कथेत लुई कॅरॉलने फ्लेमिंगो पक्ष्यांच्या मोगऱ्या, साळूसारख्या काटेरी प्राण्यांचे चेंडू आणि ओणव्या शिपायांच्या कमानी करून जो डाव मांडला, आणि ज्यात राणी क्षणोक्षणी कुणाच्या तरी शिरच्छेदाचा हुकूम सोडते, तो आपण लहानपणी कल्पनेचा विलास म्हणून वाचला. परंतु ज्याने हा खेळ जवळून पाहिला आहे तो सांगेल की त्यात कल्पनेचा भाग पक्ष्यांपुरताच आहे.

मी तो पाहिला ऑक्सफर्डला, एका महाविद्यालयाच्या बागेत, मे महिन्यातल्या एका दुपारी. तेथे त्या सत्रात क्रोके खेळण्याची प्रथाच आहे. चष्मा लावलेली एक विद्यार्थिनी आणि टोपी घातलेले एक वृद्ध गृहस्थ, बहुधा तिचे अध्यापक असावेत, असा सामना होता. मुलगी कमानीपुढे चक्क गुडघे टेकून बसली आणि गाल गवताला लागेल इतकी वाकून तिने चेंडूची रेषा पाहिली. तिचे तसे करणे वावगे नव्हते. चेंडूचा व्यास साडेतीन इंचांहून थोडा अधिक, आणि स्पर्धेच्या खेळात कमान त्याहून एका इंचाच्या सोळाव्या हिश्श्याइतकीच रुंद ठेवतात, हे मला बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी मोठ्या गंभीरपणे समजावून दिले. उठून तिने गुडघ्याचा ओला डाग झटकला, चेंडूला चिकटलेले गवताचे पाते नखाने काढून टाकले, आणि मोगरी दोन्ही पायांच्या मधून मागे नेऊन सोडली. लोखंडाला पुसटसा स्पर्श झाल्याचा आवाज झाला आणि चेंडू पलीकडे गेला. तेथपर्यंत सारे रम्य होते. त्यानंतर मात्र तिने गुरुजींच्या निळ्या चेंडूला आपला चेंडू लावला, दोन्ही शेजारी ठेवले, भिंतीजवळचा कोपरा डोळ्यांनी निश्चित केला, आणि तो निळा चेंडू तिथवर पोचवला. “सॉरी, सर,” ती म्हणाली. सरांनी टोपी किंचित उचलली आणि त्या कोपऱ्याकडे चालू लागले. त्यांच्या पाठीत मला जे दिसले त्याला संताप म्हणणे योग्य होणार नाही. सुसंस्कृत मनुष्य संतापाचे जे काही करतो, ते होते. चालता चालता ते वाफ्यापाशी थांबून कुणाशी तरी फुलांबद्दल बोलले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पूर्ववत झाला होता. माझे असे मत झाले की क्रोके हा मेजवानीचा आदर्श खेळ ठरतो तो एवढ्याचसाठी: तो माणसाचा अपमान करतो, पण त्या अपमानातून सावरायला त्याला पुरेसे अंतर चालायलाही लावतो.

इतका परिपूर्ण खेळ मागे का पडला, याचे कारण परिपूर्णतेतच आहे. त्यात घाम येत नव्हता, आणि ज्यांना घाम हवा होता असा तरुणवर्ग वाढत होता. रबरावर गंधकाची प्रक्रिया करून ते टिकाऊ आणि लवचीक करण्याची युक्ती तोवर हाती आली होती; राजवाड्यांतल्या जुन्या टेनिसचा चिंध्या भरलेला चेंडू गवतावर मुळीच उसळत नसे, रबराचा चेंडू आता उसळू लागला. मेजर वॉल्टर क्लॉप्टन विंगफील्ड यांनी १८७४ साली हिरवळीवरच्या टेनिसचा हक्क सरकारदरबारी नोंदवला आणि जाळे, खुंट, रॅकेट व चेंडू यांची पेटी पाच गिनींना विकायला काढली. क्रीडांगण त्यांनी डमरूच्या आकाराचे, मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद असे आखले होते, आणि खेळाला तोंडात न बसणारे एक ग्रीक नाव दिले होते. लोकांनी दोन्ही गोष्टी नामंजूर केल्या आणि खेळ ठेवून घेतला. ज्यांच्याकडे क्रोकेसाठी सपाट केलेली हिरवळ तयारच होती त्यांनी तिच्यावर जाळे ताणले, इतकाच काय तो राज्यक्रांतीचा खर्च. टॉल्स्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’त हे संक्रमण स्पष्ट पाहायला मिळते: कादंबरीच्या पूर्वार्धात राजधानीतली उमरावमंडळी क्रोकेसाठी जमतात, आणि उत्तरार्धात व्रॉन्स्कीच्या जहागिरीवर पाहुणे टेनिस खेळतात ते क्रोकेच्याच मैदानावर जाळे लावून. १८७० नंतरच्या दशकात लिहिणाऱ्या त्या थोर निरीक्षकाने एवढा तपशीलही हातचा जाऊ दिला नाही.

परंतु या घराण्यातल्या भाऊबंदकीचा खरा दस्तऐवज पाहायचा तर विंबल्डनचा. १८६८ साली स्थापन झालेल्या त्या क्लबाचे मूळ नाव ऑल इंग्लंड क्रोके क्लब. वॉर्पल रोडवर चार एकर जमीन भाड्याने घेऊन मंडळी क्रोके खेळत होती. १८७५ साली त्यांनी जमिनीचा एक तुकडा टेनिसला दिला, आणि पुढची कथा तंबूत शिरलेल्या उंटाची. १८७७ मध्ये नावात टेनिस आले, आणि त्याच वर्षी पहिली स्पर्धा भरली: फक्त पुरुषांची, २२ खेळाडू, प्रवेशशुल्क एक गिनी, विजेता स्पेन्सर गोर. जमीन दाबण्याचा तट्टाने ओढायचा रूळ नादुरुस्त झाला होता आणि त्याच्या दुरुस्तीच्या पैशांसाठी हा खटाटोप मांडला, असे सांगतात. जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेचे मूळ रुळाच्या दुरुस्तीत असावे ही गोष्ट मला फार समाधान देते. पाच वर्षांत, म्हणजे १८८२ साली, क्रोके हा शब्द क्लबाच्या नावातून खालसा झाला. १८९९ मध्ये जुन्या स्नेहाखातर तो पुन्हा बहाल करण्यात आला, पण टेनिसच्या नंतर, दुय्यम स्थानी. आणि आजतागायत तो तेथेच आहे. ज्या टेनिसने मेजवानीत जन्म घेतला त्याची मात्र मेजवानी केव्हाच सुटली. आता खेळतात दोघे आणि पाहतात हजारो, आणि पाहणाऱ्यांनी टोला चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही असा दंडक आहे. मेजवानीत शब्द न काढणे म्हणजे काय, हे यजमानाला विचारावे.

दुसरा वारसदार बॅडमिंटन. हे नाव ब्यूफर्टच्या ड्यूकांच्या ग्लॉस्टरशरमधील वाड्याचे. गवत कापण्याचे यंत्र ज्या परगण्यात जन्मले त्याच परगण्यातला हा वाडा. १८७३ च्या सुमारास तेथील पाहुणे हा खेळ खेळले, पण त्याचे मूळ रूप १८६० नंतरच्या दशकात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अंमलदारांत रूढ होते आणि ते त्याला आमच्या गावावरून ‘पूना’ म्हणत, अशी नोंद आहे. छावणीतल्या बंगल्यापुढे, उन्हे कलल्यावर, जाळ्याच्या दोन बाजूंना उभे राहून पिसांचे फूल टोलवणाऱ्या त्या साहेबमेमांपुढे जी हिरवळ होती, तिच्याविषयी मला नेहमी एक गंमत वाटत आलेली आहे. इंग्लंडातले नाजूक गवत दख्खनच्या उन्हात टिकत नाही. येथे हिरवळ करायची तर हरळीच लावावी लागते. हरळी म्हणजे गणपतीला वाहायची दूर्वा हे खरे, पण शेतकऱ्याला विचारा! काळ्या रानात शिरलेली हरळी काढता काढता त्याच्या पिढ्या वाकल्या, कर्जे झाली, आणि चिवट माणसाला हरळीची मुळी म्हणण्याचा प्रघात पडला. बांधापलीकडे कुणबी जिला खणून उन्हात जाळीत होता, तिलाच बांधाअलीकडे माळी पखालीने पाणी पाजीत होता. पुण्याच्या हिरवळींचा विषय निघाला की गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसचा परिसरही डोळ्यांपुढे येतो. आज तेथे विद्यापीठ आहे. पण २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून तेथून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी घातली. प्लेगच्या झडत्यांनी घराघराचे उंबरे ज्याने तुडवले होते, त्याची ती शेवटची मेजवानी.

बॅडमिंटनच्या फुलाचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास असते. सोळा पिसे, आणि ती खोवलेले बुचाचे टोपण. इतकी हलकी वस्तू उघड्यावर खेळवायची म्हणजे दोन खेळाडूंच्या डावात वारा हा तिसरा गडी झाला. दक्षिणेकडच्या मंडळींनी लोकरीचा चेंडू घेऊन त्यावर तोड काढली, आणि तो निराळा खेळ तिकडे अजून चालू आहे. इंग्रजांनी मात्र खेळ न बदलता जागा बदलली. १८९९ च्या एप्रिलात, म्हणजे ऐन वसंतात, बाहेर हवा सुंदर असताना, लंडनमध्ये बकिंगहॅम गेटजवळच्या एका पलटणीच्या कवायतीच्या दालनात पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा झाली. ज्या वर्षी विंबल्डनने क्रोकेला नावात परत घेतले त्याच वर्षी बॅडमिंटनने हिरवळीचा अधिकृतपणे निरोप घेतला. छपराखाली गेल्यावर त्याची भरभराट झाली याबद्दल वाद नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर आधी टेनिसकडे गेले होते, ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ साली मलायात सेलांगरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली तेव्हा परदेशातले असे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. वारा नसलेल्या, खिडक्या बंद केलेल्या दालनातच त्यांच्या मनगटाची ती कला शक्य होती. खेळ सुधारला म्हणजे तो आपली अंगभूत अडचण दूर करतो; आणि बॅडमिंटनची अडचण वारा, ऊन व पाहुणे ही होती. तिन्ही दूर झाली.

इंग्रजांच्या या हिरवळीवरच्या मेजवान्यांसारखा आमच्याकडे वसंतातला समारंभ नाही असे नाही. चैत्रगौर पितळेच्या पाळण्यात बसते, आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत एकेका घरी हळदीकुंकू होते. वाटली डाळ, कैरीचे पन्हे, ओटीत भिजवलेले हरभरे, मनगटावर वाळ्याचे अत्तर. पण त्यात खेळ नाही, आणि नसावा हेच शहाणपण. चैत्रातल्या दुपारी अंगणात पाऊल ठेवले तर तळवा भाजतो, आणि हरळीसुद्धा पिवळी पडून मुळाशी दबा धरून बसते. आमच्या बायकांनी झिम्मा, फुगड्या आणि झोके श्रावणासाठी राखून ठेवले, कारण दख्खनची हिरवळ श्रावणात असते. पुरुषांच्या खेळांना तर हिरवळ मुळी लागलीच नाही. आट्यापाट्या, लंगडी, हुतुतू हे सगळे धुळीचे खेळ, आणि त्यांतल्या खो-खोला १९१४ साली डेक्कन जिमखान्याने नियमांत बसवले, तेव्हा त्याचीही अंगणातून मैदानात बढती झाली. नियम झाले, पंच आले, आणि ‘ए, मलाही घ्या ना’ म्हणत मध्येच शिरणारे धाकटे भावंड हद्दीबाहेर गेले.

यंदा गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्या वसाहतीत स्नेहमेळावा ठरला, तेव्हा लॉनवर बॅडमिंटनचे जाळे लावण्याची सूचना आली. संध्याकाळी पाचनंतर आमच्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो आणि फूल शेजारच्या इमारतीच्या वाहनतळात जाऊन पडते, हे सर्वांना ठाऊक असूनही ती एकमताने संमत होण्याच्या बेतात होती. मी उठून क्रोकेची दरखास्त मांडली. मोगऱ्या सुताराकडून करून घेता येतील, कमानींना जाड तार चालेल, गुडघे दुखणारे आणि न दुखणारे एकत्र खेळतील, असे सारे मुद्दे मी क्रमवार सांगितले. दुसऱ्याचा चेंडू कोपऱ्यात पाठवण्याचे कलम मात्र मी मुद्दाम सौम्य शब्दांत सांगितले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे डोळे तेवढ्यानेही चमकले.

“म्हणजे कुणाचाही चेंडू घालवता येतो?” त्यांनी विचारले.

“ज्याला आपला लागेल त्याचा, काकू.”

“मग चिटणीसांना खेळायला घ्या,” त्या म्हणाल्या.

चिटणीस हसले, त्यांनी दरखास्त वहीत नोंदवून घेतली आणि विचार करतो म्हणाले. आठवडाभराने सूचनाफलकावर मखलाशी झळकली: मेळाव्यास मंजुरी आहे, खुर्च्या व खाद्यपदार्थ फरशीवर मांडावेत, लॉनवर नुकताच खर्च झालेला असल्याने त्यावर खेळण्यास, चालण्यास अथवा बसण्यास पुढील हुकमापर्यंत मनाई आहे. खाली चिटणीसांची सही, आणि सहीखाली कुणीतरी पेन्सिलीने क्रोकेची एक कमान काढलेली होती.